टिपणांच्या पेटीची किल्ली

विद्येचा इतिहास लिहिताना ग्रंथांचा विचार होतो, ग्रंथकारांचा होतो, क्वचित मुद्रकांचाही होतो. परंतु वाचकाने वाचता वाचता जी टिपणे केली ती त्याने कोठे ठेवली, हव्या त्या वेळी ती त्यास कशी सापडली, आणि तो एका गावाहून दुसऱ्या गावी गेला तेव्हा त्याच्या मागोमाग ती कशी गेली, ह्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः संशोधकाच्या आयुष्यातील पुष्कळसे कष्ट ह्याच कामी खर्ची पडतात.

आज ह्या कष्टांचे स्वरूप पालटले आहे. अभ्यासकाच्या घरी एक संगणक असतो, विद्यापीठात किंवा कचेरीत दुसरा, खिशात मोबाइल, आणि वाचनाची विशेष हौस असेल तर शाळकरी पाटीएवढा टॅब. एकच शोधनिबंध ह्या चारही ठिकाणी चार नावांनी नांदत असतो. त्यांतील एका प्रतीच्या समासात लिहिलेले टिपण उरलेल्या तिन्ही प्रतींच्या गावीही नसते. लेख छापावयास देण्याची वेळ येते, तेव्हा कोणते विधान कोणत्या पृष्ठावरून घेतले हे शोधण्यात रात्र जाते. हे दुखणे संगणकाबरोबर आले असा सर्वसाधारण समज आहे. आमच्या मते ते निदान पावणेपाचशे वर्षांचे जुने आहे. आणि त्याचा इतिहास चाळू लागले असता एकच प्रश्न निरनिराळ्या वेषांत समोर येतो. टिपणांची पेटी कोणाची, आणि तिची किल्ली कोणापाशी?

ह्या इतिहासाचा आरंभ झुरिक शहरातील कॉन्राड गेस्नर ह्या वैद्यापासून करावयास हरकत नाही. प्राणी आणि वनस्पती ह्यांचा हा मोठा अभ्यासक. त्याने १५४५ साली लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू ह्या तीन भाषांतील ग्रंथांची एक विश्वसूची प्रसिद्ध केली. तीत सुमारे तीन हजार ग्रंथकारांची नोंद आहे. मुद्रणकला युरोपात येऊन तेव्हा शंभर वर्षेही झाली नव्हती. पण ग्रंथ आताच इतके झाले की माणूस बुडून जावा, ही तक्रार त्या काळीही ऐकू येत होती. तीन वर्षांनी, १५४८ मध्ये, ह्या सूचीचा विषयवार भाग त्याने छापला आणि त्यात आपली कामाची रीत मोकळेपणाने सांगून टाकली. चांगल्या कागदावर एकाच बाजूस लिहावे. प्रत्येक नोंद कात्रीने कापून सुटी करावी. चिठ्ठ्यांचे ढीग करावेत, ढिगांतून पोटढीग करावेत. क्रम मनासारखा लागला म्हणजे मग त्या चिकटवाव्यात. उतरून घेण्याचा त्रास वाचवावयाचा असेल तर छापील ग्रंथाचीच पाने कापावीत, असाही सल्ला तो देतो. मात्र त्यासाठी ग्रंथाच्या दोन प्रती हव्यात, कारण पानाच्या दोन्ही बाजू कामाच्या असतात! ग्रंथांवर जीव टाकणाऱ्या माणसाने ग्रंथाला कात्री लावण्याचा उपदेश करावा, ह्याचे नवल वाटते खरे. परंतु सूची करणाऱ्यांची जात थोडी निर्दयच असते.

ह्या रीतीत एक सूक्ष्म गोष्ट आहे. वहीत लिहिलेले टिपण वहीच्या क्रमाशी बांधलेले असते. चिठ्ठीवरचे टिपण मोकळे असते. ते आज एका प्रकरणात बसेल, उद्या दुसऱ्या. पण ते मोकळे झाले त्याच क्षणी आपल्या मूळ स्थानापासून तुटलेही. म्हणून प्रत्येक चिठ्ठीने ग्रंथाचे नाव, पृष्ठ, आवृत्ती हे सारे स्वतःच्या अंगावर वागवले पाहिजे. ज्याला आपण आज 'संदर्भ' म्हणतो तो ह्या तुटण्यातून जन्मास आला.

पुढील दीडशे वर्षांत विद्वानांनी ह्या चिठ्ठ्यांसाठी नाना प्रकारची घरे बांधली. इंग्लंडात टॉमस हॅरिसन नावाच्या गृहस्थाने सतराव्या शतकाच्या मध्यास एक कपाट कल्पिले. त्यात तीन हजारांवर विषयांची नावे धातूच्या पट्ट्यांवर कोरलेली, आणि प्रत्येक नावाखाली चिठ्ठ्या अडकवण्यास आकडे. हॅम्बुर्गच्या व्हिन्सेंट प्लाकियसने १६८९ साली टिपणे काढण्याच्या कलेवरील आपल्या ग्रंथात ह्या कपाटाचे वर्णन चित्रासह छापले. तसे एक कपाट तत्त्वज्ञ लायब्निट्स ह्याच्यापाशी होते असे सांगतात. पण कपाट प्रवासाला नेता येत नाही. जॉन लॉक हा त्याच सुमारास हॉलंडमध्ये परागंदा होऊन राहत होता. त्याने १६८६ मध्ये फ्रेंचमध्ये प्रसिद्ध केलेली रीत वहीची होती, हे त्याच्या स्थितीस साजेसेच आहे. वहीच्या आरंभी दोनच पानांची सूची. विषयाचे पहिले अक्षर आणि पहिला स्वर एवढ्यावरून जागा ठरवावयाची, आणि विषय निघेल तशी पाने भरत जावयाची. स्थिर माणसाने कपाट करावे आणि फिरत्याने वही बाळगावी, ही वाटणी तेव्हापासून पुष्कळ काळ टिकली.

पण ग्रंथ एकीकडे आणि वाचणारा दुसरीकडे, ही खरी अडचण फ्रेंच राज्यक्रांतीने पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर सोडवण्याचा प्रयत्न केला. मठ आणि चर्च ह्यांच्या मालकीची ग्रंथालये सरकारजमा झाली. ग्रंथ गावोगावी पडलेले. आणि राष्ट्राकडे नेमके काय आहे हे पॅरिसला ठाऊक नाही. १७९१ साली सरकारने सूचना काढल्या की ग्रंथ जागच्या जागी ठेवावेत आणि प्रत्येक ग्रंथाची नोंद पत्त्याच्या पानामागे लिहून ती पाने पॅरिसला पाठवावीत. त्या काळी पत्त्यांची मागची बाजू कोरी असे, आणि पत्ते कोणत्याही खेड्यात मिळत. क्रमाने लावलेल्या पत्त्यांच्या खालच्या कोपऱ्यातून दोरा ओवावा, म्हणजे ते विस्कटणार नाहीत, इतक्या बारीक सूचना त्यात आहेत. ही कल्पना अगदीच नवी नव्हती. अबे रोझिए ह्याने १७७५ साली पॅरिसच्या विज्ञान अकादमीच्या प्रकाशनांची सूची पत्त्यांवरच केली होती. क्रांतीने तीच गोष्ट साऱ्या देशभर केली. राष्ट्रव्यापी एकत्रित सूची काही पुरी झाली नाही. परंतु ग्रंथ न हलवता त्याची नोंद हलवावी, ही युक्ती तेथे सिद्ध झाली, आणि आजचा सारा व्यवहार तिच्यावर उभा आहे.

नोंद हलू लागली की ती हरवूही लागते. ह्याचे जगप्रसिद्ध उदाहरण म्हणजे ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश. लंडनच्या भाषाशास्त्र मंडळाने १८५७ साली ह्या कोशाची कल्पना काढली. शेकडो स्वयंसेवकांनी ग्रंथ वाचून शब्दांची अवतरणे चिठ्ठ्यांवर उतरून पाठवावीत, असे ठरले. निरनिराळी अक्षरे निरनिराळ्या उपसंपादकांच्या घरी गेली. १८७९ मध्ये जेम्स मरे ह्याने संपादकपद स्वीकारले तेव्हा त्याच्या दारी सुमारे दोन टन चिठ्ठ्या येऊन पडल्या. एका पोत्यात मेलेला उंदीर होता, दुसऱ्यात जिवंत उंदरीण आपल्या पिलांसह सुखाने राहत होती. 'एच्' अक्षराच्या चिठ्ठ्या इटलीत फ्लॉरेन्स येथे निघाल्या. 'पीए' पासून आरंभ होणाऱ्या शब्दांपैकी काही चिठ्ठ्या आयर्लंडमधील एका तबेल्यात सापडल्या. उरलेल्या चुलीस लागल्या होत्या. मरेने आपल्या घराच्या बागेत लोखंडी पत्र्याची एक खोली बांधून तीत १,०२९ खणांची मांडणी केली आणि तिचे नाव 'स्क्रिप्टोरियम' म्हणजे लेखनशाळा असे ठेवले. एवढा बंदोबस्त करूनही दासी ह्या अर्थाच्या 'बाँडमेड' ह्या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्याच, आणि तो शब्द पहिल्या आवृत्तीत आला नाही. १९३३ च्या पुरवणीत त्याला जागा मिळाली. प्रत एकच असली की असे होते. आज ज्याचे सारे टिपण एका मोबाइलमध्ये आहे आणि तो मोबाइल आगगाडीत राहिला, त्याची आणि त्या आयरिश तबेल्याची गोष्ट एकच होय.

आपल्याकडे ह्या विद्येचे दोन मोठे प्रयोग पुण्यास झाले, आणि त्यांचा अभिमान आपण बाळगतो त्याहून अधिक बाळगावयास हवा. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम १९१९ साली हाती घेतले व १९६६ मध्ये पुरे केले. हस्तलिखिते देशभर विखुरलेली. त्यांतील पुष्कळ, मालक किंवा संस्था आपल्या जागेवरून हलू देत नसत. तेव्हा पाठ जुळवण्याची केंद्रे तंजावरला आणि शांतिनिकेतनातही उघडण्यात आली. तेथे जे कागद वापरले जात त्यांची रचना पाहण्यासारखी आहे. कागदावर चौकटी आखलेल्या. माथ्यावरील ओळीत श्लोकाचे एकेक अक्षर एकेका चौकटीत. खाली एकेका हस्तलिखितासाठी एकेक ओळ, आणि जेथे पाठ भिन्न असेल तेथेच त्या अक्षराखाली तो लिहावयाचा. प्रत्येक हस्तलिखितास लिपी आणि परंपरा ह्यांवरून एक संक्षिप्त खूण दिलेली. ह्यामुळे तंजावरच्या पंडिताने ग्रंथ लिपीतील पोथीवरून भरलेला कागद आणि शांतिनिकेतनात बंगाली पोथीवरून भरलेला कागद पुण्याच्या मेजावर शेजारी शेजारी ठेवले की अक्षराखाली अक्षर येई. पोथी जागेवर राहिली आणि पाठ प्रवासास निघाला. विष्णु सीताराम सुकथनकरांनी १९२५ मध्ये संपादकत्व स्वीकारल्यावर ह्या व्यवस्थेस शास्त्राचे रूप दिले. त्यांच्या विद्वत्तेविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्या विद्वत्तेला हाताशी सर्व सामग्री मिळावी म्हणून आखलेल्या त्या चौकटींविषयी फारच थोडे.

दुसरा प्रयोग डेक्कन कॉलेजातील संस्कृत कोशाचा. डॉ. सुमित्र मंगेश कत्रे ह्यांनी १९४८ मध्ये त्याचा आरंभ केला. वेदांपासून उत्तरकालीन शास्त्रग्रंथांपर्यंत सुमारे दीड हजार ग्रंथ वाचून शब्दांच्या चिठ्ठ्या काढल्या गेल्या. त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. त्या ठेवलेल्या दालनासही ऑक्सफर्डच्या अनुकरणाने 'स्क्रिप्टोरियम' हेच नाव मिळाले. कोशाच्या पहिल्या खंडाचा आरंभीचा भाग डॉ. अ. मा. घाटगे ह्यांच्या संपादनाखाली १९७६ साली बाहेर पडला, म्हणजे मुळारंभापासून अठ्ठावीस वर्षांनी. चिठ्ठी लिहिणारे हात आणि ती वाचणारे डोळे ह्यांत एका पिढीचे अंतर पडले, तरी काम अडले नाही. कारण चिठ्ठी ज्याने लिहिली त्याच्या स्मरणशक्तीवर अवलंबून नव्हती. शब्द कोणत्या ग्रंथात, कोणत्या स्थळी, कोणत्या अर्थी आला हे सारे तिच्यावरच होते. खाजगी अभ्यासकाच्या टिपणांची परीक्षा घ्यावयाची झाल्यास आम्ही हीच कसोटी लावू. तिऱ्हाइताला ते टिपण वाचून मूळ ग्रंथाचे पान उघडता येते काय?

ह्याच्या पुढची पायरी बेल्जममध्ये आधीच कोणी चढून पाहिली होती. पॉल ऑत्ले आणि आंरी ला फोंतेन ह्या दोघा वकिलांनी १८९५ साली ब्रुसेल्स येथे जगातील सर्व लेखनाची कार्डसूची आरंभली. पुढे तिची कार्डे कोटीच्या वर गेली. कोणीही टपालाने प्रश्न विचारावा आणि फी भरून उत्तरादाखल कार्डांच्या नकला मागवाव्यात, अशी सोय त्यांनी केली. १९०६ मध्ये ऑत्ले ह्याने रोबेर गोल्डश्मिट ह्याच्या साहाय्याने याहूनही पुढचा विचार मांडला. नोंदच काय, सारा ग्रंथच लहानशा फिल्मवर छायाचित्रित करून पाठवावा, म्हणजे ग्रंथ मूळ जागी राहील आणि त्याचे पानन् पान वाचकाच्या घरी जाईल. पीडीएफचा आजा येथे भेटतो. परंतु ही पेटी सरकारी इमारतीत होती. १९३४ साली सरकारने दालने बंद केली. १९४० मध्ये जर्मनांनी जागा मोकळी करून घेतली, तीत पुष्कळ संग्रह नष्ट झाला. जे उरले ते आज मोन्स गावी संग्रहालयात पाहावयास मिळते. कोट्यवधी कार्डांच्या पेटीची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती, एवढेच ह्यातून येथे घ्यावयाचे आहे.

भारतात स्वातंत्र्यानंतर १९५२ साली दिल्लीस युनेस्कोच्या साहाय्याने 'इन्सडॉक' ही संस्था निघाली. विज्ञानविषयक लेखांच्या छायाप्रती व सूक्ष्मपट मागवता येऊ लागले. महानगरांपासून दूर असलेल्या संशोधकांना ह्या सोयीचे मोल किती वाटले असेल, हे महाराष्ट्राबाहेर राहून मराठी विषयावर काम करणाऱ्यास सांगावे लागत नाही. इंदूर, बडोदे, हैदराबाद किंवा दिल्ली येथे बसून जुन्या मराठी नियतकालिकाचा एखादा अंक पाहावयाचा म्हणजे पुण्यामुंबईची वारी ठरलेली. वारीत उतरून घेतलेले टिपण घरी आल्यावर अपुरे निघाले, तर पुन्हा वारी.

ह्या वारीतून सुटका केली ती पीडीएफने. अमेरिकेतील ॲडोबी कंपनीच्या जॉन वॉर्नॉक ह्यांनी १९९१ साली एक टिपण लिहून ह्या कल्पनेची मांडणी केली. १९९३ मध्ये तिला मूर्त रूप आले. पुढे २००८ मध्ये ती आंतरराष्ट्रीय मानक ठरून कोणा एका कंपनीची राहिली नाही. तिचा मुख्य गुण असा की कोणत्याही यंत्रावर उघडा, पान हलत नाही. ओळ तेथेच तुटते, पृष्ठांक तोच राहतो. संदर्भ देणाऱ्यास हेच हवे असते; पडद्याच्या रुंदीप्रमाणे वाहत जाणाऱ्या मजकुराचा पृष्ठांक कसा द्यावयाचा? परंतु पीडीएफने पान पक्के केले, नाव मात्र पक्के केले नाही. ग्रंथालयातील पुस्तकाच्या पाठीवर नाव असते, आत मुखपृष्ठ असते. संकेतस्थळावरून उतरवून घेतलेल्या फाईलीवर बहुधा अर्थहीन आकड्यांची माळ असते. गेस्नरची चिठ्ठी आपले मूळ स्थान अंगावर वागवीत असे. पीडीएफ फाईलीत ते लिहिण्याची सोय आहे. पण ते लिहिण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही.

म्हणून नोंदी राखणारी निराळी साधने निर्माण झाली. १९८५ साली ओरेन पाताश्निक ह्यांनी गणितज्ञांच्या सोयीसाठी 'बिबटेक' तयार केले. साध्या अक्षरांत नोंदी लिहाव्यात, लेखात केवळ खूण द्यावी, शेवटची ग्रंथसूची यंत्राने रचावी. त्यानंतर 'एंडनोट' हे विकत घ्यावयाचे सॉफ्टवेअर आले आणि अनेक वर्षे त्याचेच राज्य होते. २००६ मध्ये अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठातील इतिहासकारांनी 'झोटेरो' हे मोफत साधन काढले. इतिहासाच्या अभ्यासकांनी ते केले, ह्याचे आम्हांस विशेष अगत्य आहे. हे नाव आल्बेनियन भाषेतून घेतले असून मूळ शब्दाचा अर्थ 'स्वामित्व मिळवणे' असा आहे. दोनच वर्षांनी, २००८ च्या सप्टेंबरात, एंडनोटचे मालक थॉमसन रॉयटर्स ह्यांनी विद्यापीठावर दावा लावला. नियतकालिकानुसार ग्रंथसूचीची मांडणी कशी असावी हे सांगणाऱ्या एंडनोटच्या फाईली झोटेरोला वाचता येतात, हा तक्रारीचा मुद्दा. २००९ च्या जूनमध्ये न्यायालयाने दावा काढून टाकला. वरवर पाहता हा स्वल्पविराम कोठे द्यावा आणि वर्ष कोठे लिहावे ह्याचा तंटा. खरा प्रश्न एका साधनात घातलेले श्रम घेऊन दुसरीकडे जाण्याची मोकळीक वाचकास आहे की नाही, हा होता.

तो प्रश्न पुन्हा उठला. २००८ साली लंडनहून 'मेंडेले' नावाचे साधन निघाले आणि ते पाहता पाहता लोकप्रिय झाले. फाईली आणि नोंदी एकत्र, सर्व यंत्रांवर सारख्या. २०१३ मध्ये एल्सव्हिअर ह्या बलाढ्य प्रकाशनसंस्थेने ते विकत घेतले. २०१८ च्या एका आवृत्तीपासून वाचकाच्या स्वतःच्या संगणकावरील नोंदींचा कोश गूढलिपीत बंद होऊ लागला. हे वाचकांच्या सुरक्षिततेसाठीच केले आणि नोंदी बाहेर काढण्याचे इतर मार्ग खुले आहेत, असे मालकांचे म्हणणे. त्या मार्गांनी सारेच बाहेर येत नाही, कप्प्यांची मांडणी व टिपणे मागे राहतात, असे झोटेरोच्या कर्त्यांचे म्हणणे. दोन्ही पक्ष एकमेकांचे प्रतिस्पर्धी, हे ध्यानात ठेवूनच ऐकावे. पण वाचकाच्या घरातील पेटीला दुसऱ्याने कुलूप घालावे, ही गोष्ट आम्हांस कोणत्याही युक्तिवादाने पटत नाही. २०२१ मध्ये मेंडेलेचे मोबाइलवरील रूपही काढून घेण्यात आले.

अनेक यंत्रे वापरणाऱ्याने एवढे समजून घ्यावे की नोंद आणि फाईल ह्या दोन वस्तू आहेत आणि त्यांचे प्रवास निरनिराळे होतात. झोटेरोत नोंदी कितीही असोत, त्या सर्व यंत्रांवर फुकट पोहोचतात; फाईलींना मात्र तीनशे एम्‌बी एवढीच मोफत जागा मिळते. चित्ररूपाने टिपलेला एखादा जुना मराठी ग्रंथ पन्नास एम्‌बीचा सहज असतो, तेव्हा ती जागा पाचसहा ग्रंथांतच संपावी. पुढे पैसे भरावेत, नाहीतर स्वतःची जागा जोडावी. कित्येकजण ह्यावर तोड म्हणून नोंदींचा सारा कोशच सामायिक साठवणीच्या एखाद्या सेवेत ठेवतात. तो दोन यंत्रांवर एकाच वेळी उघडला गेला की बिघडण्याचा संभव असतो, आणि कर्त्यांनीच तसे बजावले आहे. आणखी एक खाच आहे. २०२२ पासून झोटेरोच्या वाचनपटलावर केलेल्या खुणा आणि समासटिपा पीडीएफमध्ये नव्हे तर कोशात जमा होतात. फाईल जशीच्या तशी उचलून मित्रास दिली तर त्यास कोरे पान दिसते. टिपांसह वेगळी प्रत काढून द्यावी लागते. जुन्या काळी पुस्तक उसने दिले की समासातील शेरे त्याबरोबर जात, मग ते कोणी वाचावेत अशी इच्छा असो वा नसो.

मराठी अभ्यासकाच्या वाट्याला ह्यापलीकडची दैना येते. ही सारी साधने ज्यांनी घडवली त्यांच्या मनात ग्रंथकार म्हणजे एक नाव आणि एक आडनाव असा माणूस. 'संत ज्ञानेश्वर' असे लिहिले की यंत्र संत हे नाव आणि ज्ञानेश्वर हे आडनाव धरून चालते. केशवसुतांना दामले म्हणून नोंदवावे की केशवसुत म्हणून? विभावरी शिरूरकर आणि मालतीबाई बेडेकर ह्या एकच, हे त्याला कोण सांगणार? राजवाडे हे नाव रोमन लिपीत निदान तीन प्रकारे लिहिलेले आढळते, देवनागरीतील चौथे, म्हणजे एका इतिहासाचार्यांचे सूचीत चार ग्रंथकार होतात. जुन्या पुस्तकाच्या मुखपृष्ठावर केवळ शके १८२० असते. ते चैत्रात सुरू होत असल्याने इसवी सनाच्या १८९८ आणि १८९९ ह्या दोन वर्षांत विभागलेले असते. यंत्र मात्र १८२० हेच साल मानून तो ग्रंथ पेशवाईच्या अस्तानंतर दोनच वर्षांनी छापला असे निःशंकपणे मांडते.

मजकुराची स्थिती याहून बिकट. युनिकोडने १९९१ मध्येच देवनागरीला जागा दिली, तरी त्यानंतरही पुष्कळ वर्षे मराठी मजकूर अशा टंकांत जुळवला गेला की ज्यांत मराठी अक्षराचे रूप रोमन अक्षराच्या जागी बसवलेले असे. त्या पीडीएफमध्ये डोळ्यांस मराठी दिसते, पण उतरून घ्यावयास गेले की रोमन अक्षरांची खिचडी हाती येते; तिच्यात कोणताही शब्द शोधून सापडावयाचा नाही. युनिकोडमधील फाईलींतसुद्धा ऱ्हस्व वेलांटी पुष्कळदा भलत्याच अक्षराला चिकटते. कारण पीडीएफ अक्षरांची रूपे ज्या क्रमाने रंगवावयाची तो क्रम जपते, उच्चाराचा क्रम नव्हे. इंग्रजी निबंधाला २००० सालापासून कायमचा क्रमांक देण्याची पद्धत रूढ झाली आहे. तो क्रमांक टाकला की नोंद आपोआप भरते. बहुतेक मराठी नियतकालिकांना असे क्रमांक नाहीत. तेव्हा मराठी नोंद अद्यापि हातानेच करावी लागते.

हाताने करावयाची म्हटली की शंकर गणेश दाते ह्यांची आठवण येते. १८०० ते १९३७ पर्यंतच्या मुद्रित मराठी ग्रंथांची वर्गीकृत सूची आणि तिला जोडून १९५० पर्यंतचा पुढील भाग, हे काम संगणक नसलेल्या काळात त्यांनी केले. आजही एखाद्या दुर्मीळ पुस्तकाचा ग्रंथकार, साल, मुद्रणस्थळ ह्यांविषयी शंका आली की संकेतस्थळावरील नोंदीपेक्षा 'दाते सूची'वर विश्वास ठेवावा, असे आमचे मत आहे. ग्रंथांची चित्ररूप प्रत करणाऱ्या मोठ्या योजनांनी लक्षावधी पाने टिपली हे खरे. परंतु मराठी नावे रोमन लिपीत इतक्या परींनी लिहिली गेली, की ग्रंथ तेथे असूनही न सापडावा.

आणि मग पेटीच्या मालकाच्या पश्चात काय? वि. का. राजवाडे ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यास वारले, तेव्हा त्यांच्या मागे कागदपत्रांचे रुमाल आणि स्वतःच्या टिपणांचा अवाढव्य संग्रह राहिला. पुढल्याच वर्षी धुळ्यास त्यांच्या नावे संशोधन मंडळ स्थापन झाले आणि त्या संग्रहाला घर मिळाले. रुमाल सोडावयास कोणाची अनुमती लागली नाही, आणि मोडी वाचता येणाऱ्या कोणालाही त्यातील मजकूर उघडा होता. आमच्या परिचयातील एका वृद्ध अभ्यासकाच्या निधनानंतर त्यांच्या मुलांना संगणक मिळाला, तीन हजारांवर पीडीएफ फाईली मिळाल्या. पण टिपणे ज्या सेवेत होती तिचा संकेतशब्द मिळाला नाही. सेवेकडे पत्रव्यवहार झाला. खाते बंद करण्याची व्यवस्था आहे, ते उघडून देण्याची नाही, असे उत्तर आले. फाईलींवर आकड्यांचीच नावे आहेत. मुलगी सुटीच्या दिवशी एकेक उघडून पहिल्या पानावरून ग्रंथाचे नाव लिहून घेते. आम्ही गेल्या महिन्यात भेटलो तेव्हा चारशेच्या आसपास झाल्या होत्या.